वाचकांचे प्रश्न : जपानी अद्भुतकथांच्या वाटेवर

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची निघाली. जपानी मंगा आणि ज्यांना लाइट नॉव्हेल म्हणतात त्या छोट्या सचित्र कादंबऱ्या, विशेषतः त्यांतल्या अद्भुतरम्य कथा, आता पुण्यातल्या महाविद्यालयीन मुलांच्या पाठपिशव्यांपुरत्या उरलेल्या नाहीत. त्यांच्याविषयी आजोबा विचारतात, आई विचारते आणि रोज बसने हिंजवडीला जाणारा मध्यमवयीन वाचकही विचारतो. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी नात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. तिच्या टेबलावर दोन प्रकारची जपानी पुस्तके असतात. एक संपूर्ण चित्रांचे आणि दुसरे मजकुराचे, पण त्यातही मधूनमधून चित्रे. दोन्ही ती सारख्याच आवडीने वाचते. मी चाळीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. याला वाचन म्हणावे का, हा प्रश्न मी तिला विचारला नाही, कारण तिला वाईट वाटेल. म्हणून आपल्याला विचारतो. (निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपण तो प्रश्न तिला विचारला नाही, हे चांगले केले. आता विचारायचाच झाला, तर "यातले एक प्रकरण मला वाचून दाखव" असे म्हणावे. उत्तर तिच्या वाचण्यातूनच मिळेल.

संपूर्ण चित्रांचे पुस्तक म्हणजे मंगा. जपानमध्ये तो बहुधा साप्ताहिकांत किंवा मासिकांत क्रमशः छापला जातो आणि पुरेशी प्रकरणे जमली की त्यांचे पुस्तक निघते. 'शोनेन जंप' नावाचे साप्ताहिक १९६८ साली सुरू झाले आणि १९९५ च्या सुरुवातीच्या त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या. क्रमशः छपाईची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली याच शहरात साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यात क्रमशः छापली, हे आपण वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. त्या साप्ताहिकाचे नाव हरिभाऊंनी 'करमणूक' ठेवले होते. करमणुकीसाठी वाचणे ही गोष्ट मराठीच्या इतक्या मोठ्या लेखकाला आपल्या नियतकालिकाच्या कपाळावर लिहावीशी वाटली, ही बाब या विषयाचा विचार करताना माझ्या मनात नेहमी पहिली येते.

दुसरे पुस्तक, म्हणजे लाइट नॉव्हेल, ही कादंबरीच असते. तिचा आकार साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा. सुरुवातीला काही रंगीत पाने, आत अधूनमधून रेखाचित्रे, छोटे परिच्छेद आणि पुष्कळ संवाद, असे तिचे रूप असते. १९८८ साली फुजिमी फँटासिया बुंको आणि १९९३ साली डेंगेकी बुंको अशा खास ग्रंथमाला निघाल्या आणि शाळकरी वाचकांसाठी निघालेल्या या पुस्तकांना पुढे प्रौढ वाचकही मिळाले. भाषा सोपी असते, हे खरे आहे. पण भाषा सोपी असली म्हणून कथा हलकी ठरत नाही, हे चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

आपल्या नातीकडे 'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' ही मालिका असेल तर ती आपण स्वतः वाचावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मिया काझुकी या लेखिकेने ती २०१३ ते २०१७ या काळात संकेतस्थळावर लिहिली आणि पुढे तिची ३३ पुस्तके झाली. ग्रंथपालाची नोकरी नुकतीच मिळालेली उरानो नावाची तरुणी भूकंपात अंगावर पुस्तके कोसळून मरते आणि दुसऱ्या जगातल्या एका गरीब शिपायाच्या पाच वर्षांच्या आजारी मुलीच्या, माइनच्या, शरीरात जागी होते. त्या जगात पुस्तके आहेत, पण ती फक्त सरदार-उमरावांकडे, आणि एका पुस्तकाची किंमत तिच्या वडिलांना आयुष्यात परवडणार नाही एवढी. मग ही मुलगी ठरवते की पुस्तक मिळत नसेल तर आपणच करायचे. ती गवताच्या धाग्यांचा पपायरस विणायला बसते आणि हात थकून जातात. मातीच्या पाट्यांवर लिहिते आणि त्या भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहून ठेवते आणि आई त्या सरपण समजून चुलीत घालते. कागद, शाई आणि छपाई यांतली प्रत्येक पायरी लेखिका घाई न करता, पैशांच्या हिशेबासकट सांगते. पुस्तक ही वस्तू किती हातांनी आणि किती वर्षांनी घडली, हे इतक्या प्रेमाने सांगणारी दुसरी कादंबरी माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे, पण येथे तिची आठवण करणे योग्य ठरेल. १८५७ साली 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली आणि चारच वर्षांनी, १८६१ साली, 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी आली. मराठी कादंबरी पाळण्यात होती तेव्हापासून अद्भुत तिच्या सोबत आहे. आपली नात त्याच ओढीने दुसऱ्या देशातल्या गोष्टींकडे गेली आहे.

प्रश्न : मुलासाठी मंगाचे एक पुस्तक घेतले, तर ते उलटे बांधलेले निघाले. दुकानदार म्हणतो की ते तसेच असते. हे खरे आहे का? (एक पालक, चिंचवड)

उत्तर : दुकानदार खरे सांगतो. जपानी मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जे मागचे मुखपृष्ठ वाटते तेथून सुरुवात करावी, पानावरच्या उजव्या कोपऱ्यातल्या वरच्या चौकटीपासून डावीकडे जावे आणि संवादाचे फुगेही त्याच क्रमाने वाचावेत. पूर्वीच्या इंग्रजी आवृत्त्यांत चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून छापत असत आणि त्यामुळे सगळे तलवारबहाद्दर डावखुरे होत. ती पद्धत आता जवळजवळ गेली आहे. इंग्रजीतली लाइट नॉव्हेल मात्र नेहमीच्या पुस्तकासारखी डावीकडूनच उघडते. चार-पाच पानांत सवय होते.

प्रश्न : वय ४६, नोकरी हिंजवडीत. जाता-येता बसमध्ये मी लाइट नॉव्हेल वाचतो. बहुतेकांत एकच प्रकार : कोणी तरी मरतो, दुसऱ्या जगात जन्मतो आणि तेथे पराक्रमी होतो. मला आवडते, पण शेजारी कोणी ओळखीचे बसले की मी पुस्तक मिटतो. या वयात हे वाचणे म्हणजे स्वतःच्या आयुष्यापासून पळणे आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपण ज्या प्रकाराचे वर्णन केले आहे त्याला जपानीत 'इसेकाइ' म्हणतात, म्हणजे वेगळे जग. तो इतका का फोफावला, हे कळले की त्यातले चांगले आणि सुमार वेगळे करता येते.

२००४ साली जपानमध्ये 'शोसेत्सुका नि नारो', म्हणजे 'कादंबरीकार होऊ या', हे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे कोणीही आपली कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकू शकतो, वाचक तिला गुण देतात आणि वरच्या क्रमांकांवर असलेल्या कथांकडे प्रकाशकांचे लक्ष जाते. अशा ठिकाणी हजारो कथांच्या यादीत वाचकाला प्रथम दिसते ते फक्त शीर्षक; म्हणून या पुस्तकांची शीर्षके एखाद्या वाक्याएवढी लांब झाली आणि कथेचा सारांश शीर्षकातच सांगितला जाऊ लागला. ज्या साच्याला गुण मिळाले तोच साचा दुसऱ्या दिवशी दहा जणांनी उचलला. ट्रकखाली सापडून मरणारा नायक इतक्या पुस्तकांत आढळतो याचे कारण हेच आहे : पहिल्या दोन पानांत वाचकाला पलीकडच्या जगात पोहोचवण्याची ती सर्वांत जवळची वाट ठरली.

साचा असणे हा माझ्या मते दोष नव्हे. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना आख्यान आधीच ठाऊक असते. तरी ते बसतात, कारण बुवा ते कसे रंगवतात हे त्यांना ऐकायचे असते. दोष येतो तो साच्यात ओतायला लेखकाजवळ काही नसते तेव्हा. मी अशी पुस्तके निवडताना एक कसोटी लावतो, ती आपल्यालाही उपयोगी पडेल : त्या जगात भाकरीची किंमत काय आहे, हे लेखकाला ठाऊक आहे का? नायक पहिल्याच प्रकरणात सर्वशक्तिमान झाला, खाणावळीत जेवला आणि पैसे कोठून आले हे कोणी विचारलेच नाही, तर ते पुस्तक मी बहुधा पुढे वाचत नाही. वरच्या उत्तरातली माइन मेणबत्तीचाही हिशेब ठेवते, म्हणून तिच्यासोबत ३३ पुस्तके जाववते.

या कसोटीला सोन्यासारखे उतरणारे पुस्तक म्हणजे इसुना हासेकुरा यांचे 'स्पाइस अँड वुल्फ'. त्याचा पहिला भाग २००६ साली आला. ते इसेकाइ नाही. आपल्या मध्ययुगीन युरोपासारख्या जगातली ती गोष्ट आहे. लॉरेन्स हा फिरता व्यापारी आहे आणि त्याच्या गाडीत गव्हाच्या सुगीची देवता असलेली लांडगी, होलो, मुलीच्या रूपात येऊन बसते. यात युद्ध जवळजवळ नाही; संघर्ष आहे तो नाण्यांचा. एका चांदीच्या नाण्यातले चांदीचे प्रमाण वाढणार, अशी अफवा पसरते आणि ते प्रत्यक्षात घटत आहे हे ओळखून कोण कसा फायदा उठवतो, यावर पहिले पुस्तक उभे आहे. पुणेकराला हे समजायला अडचण पडू नये. पेशवाईत या शहरात अंकुशी, चांदवडी असे वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालत, एकाचे दुसरे करून घेताना बट्टा द्यावा लागे आणि नाणे वाजवून पाहणाऱ्या सराफाच्या कानावर व्यवहार ठरत असे. मी ते पुस्तक वाचले तेव्हा बट्टा हा शब्द मला प्रथमच खऱ्या अर्थाने कळला, आणि तो एका जपानी लांडगीने कळवला.

पळण्याविषयी आपण विचारले आहे. त्याचे उत्तर देताना मला 'फ्रीरेन' हा मंगा आठवतो. कानेहितो यामादा यांची कथा आणि त्सुकासा आबे यांची चित्रे असलेला हा मंगा २०२० साली सुरू झाला आणि २०२१ साली त्याला मंगा ताइशो हा पुरस्कार मिळाला. इतर कथा जेथे संपतात तेथून तो सुरू होतो. राक्षसांचा राजा मारला गेला आहे, दहा वर्षांची मोहीम संपवून चौघे परत आले आहेत. त्यांतली फ्रीरेन ही एल्फ, म्हणजे हजार वर्षांहून अधिक जगणाऱ्या जमातीतली आहे. दहा वर्षे तिच्या लेखी आपल्या एखाद्या आठवड्याएवढी. पन्नास वर्षांनी ती परतते तेव्हा तिचा सोबती हिमेल म्हातारा झालेला असतो आणि लवकरच जातो. त्याच्या अंत्यविधीत तिला रडू फुटते, कारण या माणसाला ओळखून घ्यायचे राहूनच गेले, हे तिला तेव्हा उमगते. पुढचा सगळा प्रवास म्हणजे ती माणसांना ओळखायला शिकते, तो आहे. ४६ व्या वर्षी हे वाचणारा माणूस स्वतःच्या आयुष्यापासून दूर जातो असे मला वाटत नाही. या कथेतला हिमेल विशीतल्या वाचकापेक्षा चाळिशीतल्या वाचकाला अधिक कळतो, अशी माझी खात्री आहे.

आणखी दोन नावे सुचवितो. फुयुमी ओनो यांची 'ट्वेल्व्ह किंगडम्स' ही मालिका १९९२ साली, म्हणजे संकेतस्थळांच्या कितीतरी आधी सुरू झाली. तिच्यातली शाळकरी योको दुसऱ्या जगात जाते तेव्हा तिला शक्तीआधी भूक, भीती आणि फसवणूक मिळते. दुसरे नाव र्‍योको कुइ यांच्या 'डिलिशस इन डंजन' या मंगाचे. २०१४ ते २०२३ या काळात तो पूर्ण झाला आणि त्याची १४ पुस्तके आहेत. बहिणीला ड्रॅगनने गिळले आहे, जवळचे पैसे आणि शिधा संपला आहे, म्हणून भुयारातले राक्षस शिजवून खात खात तिला सोडवायला निघालेल्या मंडळींची ही कथा आहे आणि प्रत्येक पदार्थाची कृती तिच्यात दिलेली आहे. भाकरीच्या किमतीची कसोटी लावून निवडलेल्या पुस्तकांत ते मी सर्वांत वर ठेवीन. बसमध्ये शेजारी ओळखीचे कोणी बसले तर पुस्तक उघडेच ठेवावे. विचारले तर पहिला पदार्थ कसा करतात ते सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मित्राकडून आणलेल्या एका लाइट नॉव्हेलमध्ये मला न शोभणारे चित्र दिसले. आता सगळेच बंद करावे का? (एक आई, सहकारनगर)

उत्तर : सगळे बंद करू नये, पण आपली काळजी अगदी रास्त आहे आणि ती कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाइट नॉव्हेलचा एक मोठा भाग सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला असतो आणि त्यातली काही चित्रे केवळ खप वाढवण्यासाठी घातलेली असतात. रंगीत पाने पुस्तकाच्या सुरुवातीलाच असल्याने दुकानात उभ्याने दोन मिनिटांत अंदाज येतो.

मंगाच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा लागेल. शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ हे शब्द त्या त्या मासिकाचा वाचक कोण हे सांगतात. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष, जोसेइ म्हणजे स्त्रिया. कथेत काय आहे हे त्यावरून पुरते कळत नाही. इंग्रजी आवृत्तीच्या मागच्या बाजूला वयाची सूचना असते, ती आधी पाहावी. 'बेर्सेर्क' हा अद्भुत मंगातला अत्यंत थोर मानला जाणारा ग्रंथ आहे आणि त्याची चित्रे पाहून मी थक्क झालो आहे, परंतु त्यात जे क्रौर्य आहे ते प्रौढांनीच पाहावे.

बारा वर्षांच्या मुलासाठी कामोमे शिराहामा यांचा 'विच हॅट अतेलिए' घ्यावा. जादू ही जन्मजात देणगी नसून शाई आणि लेखणीने काढायच्या आकृत्यांत आहे, हे कोको नावाच्या शिंपिणीच्या मुलीला कळते आणि तिच्या हातून मोठी चूक होते, तेथून गोष्ट सुरू होते. चित्रे इतकी सुरेख आहेत की मुलगा स्वतः पेन्सिल हातात घेईल. हिरोमु आराकावा यांचा 'फुलमेटल अल्केमिस्ट' २००१ ते २०१० या काळात २७ पुस्तकांत पूर्ण झालेला आहे आणि कथा म्हणून तो अतिशय भक्कम बांधलेला आहे; पण पहिल्याच टप्प्यात एका लहान मुलीच्या बाबतीत घडणारा प्रसंग इतका दुखरा आहे की तो एक-दोन वर्षांनी, आणि शक्यतो आपण आधी वाचून, द्यावा.

प्रश्न : मी जपानी भाषेच्या एन-४ परीक्षेची तयारी करीत आहे. मंगा आणि लाइट नॉव्हेल वाचून जपानी सुधारेल का? (विद्यार्थिनी, कर्वेनगर)

उत्तर : सुधारेल, आणि इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यापेक्षा आपल्याला ते सोपे जाईल. जपानी वाक्यात कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद शेवटी येते. विभक्तीचे काम नामाला मागून जोडलेले छोटे शब्द करतात. मराठीत वाढलेल्या मुलीला हे शिकावे लागत नाही, फक्त ओळखावे लागते. जपानी मुळाक्षरांचा क्रमही पाहावा : आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंबरोबर जपानला गेलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचा तो ठसा आहे. आपल्या वर्णमालेत जेथे प-वर्ग येतो तेथे त्यांचा हा आहे, कारण त्या हा चा प्राचीन उच्चार पा असा होता. अद्भुत मंगा वाचताना तर घरचीच माणसे भेटतात. यमाचा एन्मा झाला आहे, सरस्वतीची बेन्झाइतेन, यक्षाचा याशा आणि नरकाचा नाराकु. रुमिको ताकाहाशी यांच्या 'इनुयाशा' या मंगात नायकाच्या नावात यक्ष आहे आणि खलनायकाचे नाव नाराकु आहे.

सुरुवात मंगापासूनच करावी. मुलांसाठीच्या मंगात प्रत्येक कांजीशेजारी, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हाशेजारी, बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. लाइट नॉव्हेलमध्ये तो बहुधा अवघड कांजींनाच असतो, म्हणून ती पुढच्या, एन-३ या पातळीच्या सुमारास हातात घ्यावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मंगातली पात्रे वय, हुद्दा आणि स्वभाव दाखवण्यासाठी मुद्दाम ठसठशीत बोलतात. नायक स्वतःला 'ओरे' आणि समोरच्याला 'ओमाए' म्हणतो, म्हातारा स्वतःला 'वाशी' म्हणतो आणि होलो तर जुन्या काळातल्या गणिकांच्या बोलीतले 'वाच्ची' वापरते. उद्या एखाद्या जपानी कंपनीत मुलाखत देताना साहेबांना 'ओमाए' म्हटले तर ते थोरल्या माणसाला अरे-तुरे केल्यासारखे होईल. वाचताना या बोलींचा आनंद घ्यावा. बोलण्यासाठी पाठ्यपुस्तकातलेच रूप ठेवावे.

प्रश्न : पदपथावर स्वस्तात मंगा मिळतात. ते घ्यावेत का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, डेक्कन)

उत्तर : घेऊ नयेत. मी एकदा असा संच घेतला होता. काळी शाई करडी उतरलेली, कडेचे संवाद कापलेले आणि रंगीत पाने गाळलेली होती. चित्रकार आणि त्याचे मदतनीस दर आठवड्याला सुमारे १८ ते २० पाने काढतात. त्यातल्या एका रेषेचाही मोबदला अशा प्रतीतून त्यांच्यापर्यंत जात नाही. पैशांची अडचण असेल तर 'मंगा प्लस' हे शुएइशा या प्रकाशनसंस्थेचे अ‍ॅप वापरावे. तेथे चालू मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणे अधिकृतपणे विनामूल्य वाचता येतात. चार मित्रांनी मिळून एकेक भाग घेऊन फिरवला, तर पूर्ण झालेली मालिका वर्षभरात सगळ्यांची वाचून होते.

प्रश्न : एखादी लाइट नॉव्हेल मराठीत आणावी, असे मला फार वाटते. मूळ जपानी मला वाचता येते. अडचणी कोणत्या येतील? (भाषांतराची अभ्यासक, औंध)

उत्तर : छापण्यासाठी हक्क घ्यावे लागतील, तो भाग वेगळा, सरावासाठी आजच एक प्रकरण घ्यावे. आपल्या पत्राने मला सर्वांत अधिक आनंद झाला. मराठी वाचकाला 'तोत्तोचान' आपली वाटली, तशीच होलोही वाटावी असे मला मनापासून वाटते.

काही बाबतींत मराठी इंग्रजीपेक्षा समर्थ आहे. सान, सामा, कुन, चान ही संबोधने इंग्रजी अनुवादकाला एक तर तशीच ठेवावी लागतात किंवा सोडून द्यावी लागतात. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे, राव, साहेब, ताई, दादा आहे; दोन पात्रांतले अंतर कमी झाले की तुम्ही वरून तू वर येता येते आणि ते एक अक्षर पानभर वर्णनाचे काम करते. उलट, स्वतःसाठी जपानीत जे अनेक शब्द आहेत त्यांपुढे आपल्याजवळ एकटे मी उभे राहते. तेथे क्रियापदाचा, बोलीचा आणि म्हणींचा आधार घ्यावा लागेल. होलोला प्रमाणभाषेत बोलवू नये; तिच्या तोंडी एखाद्या खोडकर, जुन्या वळणाच्या आजीची मराठी द्यावी, असे मला वाटते, जरी तिचे रूप मुलीचे असले तरी.

खरी कसोटी लिंगाची आहे. जपानी क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे पात्र स्त्री आहे की पुरुष हे लेखक कित्येक पाने झाकून ठेवू शकतो. केइइची सिगसावा यांच्या 'किनोज जर्नी' या २००० साली सुरू झालेल्या मालिकेत प्रवासी किनोच्या बाबतीत सुरुवातीला असेच आहे. मराठीत मी जातो किंवा मी जाते म्हटले की गुपित फुटले. पण मराठीतच त्याची वाटही आहे. मी भाकरी खाल्ली, मी पत्र लिहिले, मी त्याला पाहिले, यांत बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, कारण तेथे क्रियापद कर्त्याच्या मागे जात नाही. मला वाटले, मला निघायचे आहे, माझ्याने चालवेना, यांतही कळत नाही. अशा वाक्यांनी दहा-बारा पाने सहज निभावतील, आणि वाचकाला ती ओढूनताणून केलेलीही वाटणार नाहीत. शिवाय सांगली-कोल्हापूरकडे स्त्रियाही मी येतो, मी जातो म्हणतात. किनोला त्या मुलखातली बोली दिली तर गुपित आपोआप सांभाळले जाईल, हा पर्याय मला अधिक मोहक वाटतो.

ध्वनिवाचक शब्दांची चिंता करू नये. छातीच्या 'दोकि-दोकि'ला धडधड आहे आणि पानांच्या 'सारा-सारा'ला सळसळ आहे. अडते ते 'शीऽऽन' या शब्दापाशी. मंगात कोणीच काही बोलत नाही तेव्हा रिकाम्या चौकटीत हा शब्द काढलेला असतो, म्हणजे शांततेचा आवाज. इंग्रजी अनुवादकांना तो फार छळतो. मी पुष्कळ दिवस त्यावर विचार केला आणि मला दोन शब्द सापडले. वर्गात कोणी भलतेच बोलून गेले आणि सगळे गप्प झाले, तर 'चिडीचूप'. आणि फ्रीरेन रानात एकटी बसली आहे, शेकोटी विझत आली आहे, सोबतचे झोपले आहेत, तेथे 'किर्रऽऽ'. किर्र रात्र म्हणतो आपण, किर्र रान म्हणतो. रातकिड्यांचा तो आवाज आपल्या भाषेत शांततेचाच झाला आहे. चौकटीत तो बारीक अक्षरांत, उजव्या बाजूला, उभा लिहून पाहावा, आणि जमल्यास ते पान या सदराकडे पाठवावे.